गोडाची आवड सांभाळताना: साखर कुठे कापायची आणि कुठे राखायची

गोड आवडणाऱ्या माणसाला सल्ले दोनच मिळतात. एक, "आजपासून बंद." दुसरा, "एवढ्याशाने काय होतंय, खा." पहिला सल्ला पुढच्या केकपर्यंत टिकतो. दुसऱ्याची वसुली दात, वजन आणि रक्ताचे रिपोर्ट सावकाश करत राहतात.

माझं मत असं, की पोटात जाणारी बरीचशी साखर आपण चाखतच नाही. चहा-कॉफीत हात सवयीने घालतो ती, थंड पेयातून घटाघट उतरते ती, सॉसमधून आणि न्याहारीच्या खोक्यातून गुपचूप येते ती. तिच्याशिवाय जेवणाची मजा फारशी कमी होत नाही. ती कापली की ज्या गोडावर खरोखर जीव आहे, त्याला जागा मोकळी होते. म्हणून आधी हिशोब, मग छाटणी, आणि मग राहिलेलं गोड मन लावून खाणं, असा हा क्रम आहे. गोड अजिबात खायचं नाही असं ठरवलेल्यांना या लेखाचा उपयोग नाही.

मधुमेह असेल, त्यासाठी औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खालचं काहीही करण्याआधी शेवटचा भाग वाचा आणि आपल्या डॉक्टरांशी बोला.

सुरुवातीला: ही आवड येते कुठून

नवजात बाळाच्या जिभेला गोड थेंब लावला तर त्याचा चेहरा निवळतो, कडू लावला तर वाकडा होतो. कुणी शिकवलेलं नसतं. गोड चव ओळखणारी जिभेवरची यंत्रणा दोन प्रथिनांच्या जोडीची आहे आणि ती २००१ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या हाती लागली. मांजरांमध्ये या जोडीतल्या एका प्रथिनाचं जनुकच निकामी असल्याचं २००५ मध्ये कळलं, त्यामुळे मांजराला साखरेचं काही वाटत नाही. आपण मांजर नाही, हे एकदा मान्य केलं की स्वतःला दोष देणं थांबतं.

माणसामाणसांतला फरकही थोडाफार जन्मजात असतो. यकृतातून स्रवणाऱ्या एफजीएफ२१ नावाच्या संप्रेरकाच्या जनुकात विशिष्ट बदल असलेले लोक इतरांपेक्षा जास्त गोड खातात, असं कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळलं. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं आणि किशोरवयात ही ओढ थोडी उतरते. सिगारेट किंवा दारू सोडताना, पाळीच्या आधी, झोप कमी पडली की ती पुन्हा चढते.

"गोड कमी करा, जीभ आपोआप बदलेल" हे वाक्य फार ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी तीन महिने साधी शर्करा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. तेवढ्या काळात तेच पुडिंग त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागू लागलं, पण किती गोड आवडतं यात फरक पडला नाही. म्हणजे कमी साखरेत भागायला लागतं, आवड मात्र जात नाही. ती जाईल म्हणून वाट बघत बसू नका. ती राहणार आहे असं धरूनच पुढची आखणी करा.

पायरी १: आठवडाभर नुसतं लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. फक्त जे गोड तोंडात जाईल ते लिहायचं, पेयांसकट. फोनमध्ये लिहा, फ्रिजवर कागद चिकटवा, काहीही चालेल. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी हव्यात: अंदाजे साखर किती, आणि खाताना मजा आली का. मजेला दहापैकी गुण द्या. दुसरी नोंद फालतू वाटेल, पण चौथी पायरी तिच्यावरच उभी आहे.

मोजमाप सोपं आहे. सपाट चहाचा चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर. पाकिटावर "साखर २० ग्रॅम" असेल तर पाच चमचे. ग्रॅम डोळ्यांसमोर येत नाहीत, चमचे येतात.

आता मर्यादा किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली शिफारस अशी, की मोकळी साखर दिवसभरातल्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ ५० ग्रॅम, म्हणजे बारा चमचे, आणि जमल्यास २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. मोकळी साखर म्हणजे वरून घातलेली सगळी साखर, शिवाय मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत.

मधाचं नाव ऐकून काहींना धक्का बसतो. मध किंवा तपकिरी साखर हिशोबात साखरच असते. त्यांची चव वेगळी आहे, ती आवडते म्हणून जरूर वापरा. पौष्टिक म्हणून दोन चमचे जास्त घातले तर ते दोन चमचे मोजा.

पायरी २: पाकीट उलटं करून वाचा

पाकिटाचा दर्शनी भाग जाहिरातीचा असतो. कामाचं मागे छापलेलं असतं.

आधी घटकांची यादी बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. यात एक पळवाट आहे. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क अशी चार-पाच नावं वेगवेगळी लिहिली की एकेकटं नाव यादीत खाली जातं आणि पहिल्या जागी धान्य दिसतं. त्यामुळे ही नावं मनात एकत्र करूनच वाचायची.

मग १०० ग्रॅममागे साखर किती ते बघा. ब्रिटनमधली लेबल-पद्धत इथे कामाला येते: १०० ग्रॅममध्ये २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर पदार्थ "जास्त" गटात, ५ ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर "कमी" गटात. "एका सर्व्हिंगमागे" दिलेल्या आकड्यावर फार विसंबू नका. कंपनीचं सर्व्हिंग आणि आपला वाडगा यांची सहसा ओळख नसते.

दोन गोष्टी इथे लोकांना चकवतात. साध्या दह्याच्या डब्यावरही १०० ग्रॅममागे ४-५ ग्रॅम साखर लिहिलेली दिसते. ती दुधातली, तिला घाबरायचं कारण नाही. फळांच्या स्वादाच्या दह्यावर १३ लिहिलं असेल तर वरचे आठेक ग्रॅम बहुतेक घातलेले. आणि "७० टक्के कोको" चॉकलेट म्हणजे बिनसाखरेचं चॉकलेट नव्हे, उरलेल्या ३० टक्क्यांत बहुतांश साखरच असते. तरीही साध्या मिल्क चॉकलेटमध्ये निम्मं वजन साखरेचं असतं, तेव्हा फरक आहेच.

पायरी ३: न चाखलेली साखर छाटा

सुरुवात पेयांपासून करा. माझ्या मते एवढी एकच पायरी केलीत तरी बरंच काम झालं. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. ती पाच मिनिटांत पोटात जाते आणि पुढचं जेवण आपण तरीही पूर्ण जेवतो, कारण पातळ पदार्थातल्या कॅलरींची नोंद भूक नीट घेत नाही. तेवढ्याच साखरेत चांगल्या केकचा एक तुकडा बसतो. दोन्ही शेजारी ठेवून स्वतःला विचारा, कुठलं हवं? मला तरी कोला कधीच जिंकताना दिसत नाही.

फळांचा रसही याच यादीत घाला. २०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण चार चमचे साखर असते. संत्री सोलून खाल्ली तर दोनवर थांबतो, चोथ्यासकट खातो आणि वेळही जातो.

चहा-कॉफीतली साखर एकदम बंद करू नका. पाव चमचा कमी करा, आठ-दहा दिवस तसंच ठेवा, मग आणखी पाव. वर सांगितलेला प्रयोग इथे आपल्या बाजूने काम करतो, कारण दोन-तीन महिन्यांत कमी साखरही पूर्वीइतकी गोड लागू लागते. दिवसातून चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे असतील, तर निम्म्यावर आल्याने रोजचे चार चमचे वाचतात. एखाद्याला दुपारच्या एका कपातच गोड हवं असतं. तो कप तसाच ठेवा, बाकीचे तीन छाटा.

मग बाटल्या आणि खोकी. टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे एक चहाचा चमचा साखर असते. न्याहारीची तयार धान्यं, ग्रॅनोला बार, "हेल्दी" बिस्किटं, तयार सॅलड ड्रेसिंग यांचीही पाकिटं उलटी करा. स्वादाच्या दह्याऐवजी साधं दही घेऊन त्यात पिकलेलं फळ कापून घातलं तर चव उलट वाढते, असा माझा अनुभव आहे.

इथे थांबा. या पायरीत मिठाई, चॉकलेट, आइस्क्रीम यांना हातही लावायचा नाही. दोन-तीन आठवडे एवढंच करा.

पायरी ४: आवडीची यादी करा, निर्दयपणे

आता तो आठवड्याचा कागद काढा आणि मजेचे गुण बघा. एक मजेशीर गोष्ट दिसेल. आपण गोड खातो त्यातलं बरंचसं पाच-सहा गुणांचंच असतं. मीटिंगमधलं बिस्किट, कुणीतरी टेबलावर ठेवलेला डबा, दुसऱ्याच्या ताटात उरलेला अर्धा तुकडा, टीव्हीसमोरचं पाकीट. आठ-नऊ गुणांचं गोड आठवड्यातून दोन-तीनदाच घडलेलं असतं.

तीन गट करा. पहिला, ज्यावर खरा जीव आहे. यात पाच-सहापेक्षा जास्त नावं नकोत, आणि पुरेशी नेमकी हवीत. "चॉकलेट" हे नाव फार ढोबळ आहे, "भाजलेल्या हेझलनटचं डार्क चॉकलेट" हे नाव चालेल. दुसरा गट, समोर आलं तर बरं वाटतं असा. तिसरा, समोर होतं म्हणून खाल्लं. तिसरा गट सरळ सोडायचा, दुसरा क्वचित, आणि पहिला नियमित, अपराधी न वाटता, आधी ठरवून.

पहिल्या गटात पैशांची कंजुषी करू नका. महागडं पण लहान, हे गोडाच्या बाबतीत फार चांगलं गणित आहे. स्वस्त चॉकलेटची मोठी वडी संपते तेव्हा तोंडात फक्त चिकटपणा उरलेला असतो.

आठवड्यात किती वेळा, हे मी ठरवून देणार नाही. कुणाला रोज जेवणानंतर दोन लहान तुकडे लागतात, कुणाला आठवडाभर काही नको पण रविवारी भरपेट आइस्क्रीम हवं. आठवड्याची बेरीज मर्यादेच्या आसपास राहिली की दोन्ही बरोबर. दातांच्या दृष्टीने मात्र रविवारवाला थोडा पुढे आहे.

पायरी ५: जेवणाला जोडून खा

दोन जेवणांच्या मध्ये गोड खाण्यापेक्षा जेवण झाल्यावर लगेच खाणं चांगलं. कारणं तीन.

पहिलं रक्तातल्या साखरेचं. रिकाम्या पोटी गेलेली साखर झपाट्याने रक्तात येते. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात असतील तर पोट सावकाश रिकामं होतं आणि साखरेचा चढ बुटका राहतो. न्यूयॉर्कमधल्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर हे तपासलं होतं: तेच जेवण, फक्त क्रम बदलला, आणि जेवणानंतरची साखर बरीच कमी राहिली. गोडानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर स्नायू आणखी काही साखर उचलतात.

दुसरं भुकेचं. भूक लागली असताना समोर केक आला तर तो केक जेवण म्हणून खाल्ला जातो. पोट भरलेलं असताना तो केक म्हणून खाल्ला जातो, आणि लहान तुकडा पुरतो.

तिसरं दातांचं, आणि हे सगळ्यांत कमी बोललं जातं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळू लागतं, आणि लाळेला परिस्थिती पूर्ववत करायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एका बैठकीत खाल्लेल्या सहा गोळ्यांपेक्षा दिवसभर दर तासाला एक चघळलेली गोळी दाताला जास्त बाधते. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात सुरू झालेल्या व्हिपेहोल्म प्रयोगातून हे ठळकपणे पुढे आलं: जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळेला दिलेल्या चिकट टॉफीने धडाधड किडले. हा प्रयोग संस्थेत ठेवलेल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर केला गेला होता आणि त्याबद्दल त्याच्यावर जी टीका झाली ती रास्तच आहे. गोड खाऊन झालं की पाण्याने चूळ भरा. झोपण्याआधी ब्रश केल्यावर काही नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

जेवण पोटभर झाल्यावरही गोडाला जागा कशी असते, हा प्रश्न पडतोच. एकाच चवीचा कंटाळा येऊन आपण थांबतो, आणि नवी चव आली की भूक पुन्हा डोकं वर काढते. हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. २०२५ मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथल्या माक्स प्लांक संस्थेने उंदरांमध्ये पुढचा तपशील दाखवला: पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या मेंदूतल्या पेशीच साखर समोर आली की सुखद वाटवणारं बीटा-एंडॉर्फिन सोडतात. तेव्हा "पोट भरलंय पण गोड चालेल" हे ढोंग नसतं. यावरून व्यवहाराचा एकच धडा: जेवणानंतर गोडाचा एकच प्रकार ठेवा. चार प्रकार मांडले तर चारही वेळा जागा होईल.

पायरी ६: चव पूर्ण वसूल करा

तापमानापासून सुरुवात. थंडपणाने गोड चव मंदावते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, इतकं गोड असतं हे पटणार नाही. फ्रीझरमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवलेलं आइस्क्रीम थोडं खाल्लं तरी समाधान देतं. चॉकलेट फ्रिजमधून थेट तोंडात घालू नका. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळतं, शरीराच्या तापमानाच्या जरा खाली, आणि चॉकलेटचं सगळं सुख त्या वितळण्यात आहे. तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका. पाच-सहा ग्रॅमचा तुकडा दोन मिनिटं सहज पुरतो.

पाकिटातून खाऊ नका, बशीत काढून घ्या आणि पाकीट जाग्यावर ठेवूनच बसा. फोन बाजूला. पहिले दोन-तीन घास सर्वांत चांगले लागतात, नंतर प्रत्येक घासाची मजा उतरत जाते. ती उतरताना जाणवली की थांबायचं, उरलेलं झाकून उद्यासाठी. हे लिहायला सोपं आहे, पण लक्ष दिल्याशिवाय ते जाणवतच नाही, म्हणून फोन बाजूला.

घरी करत असाल तर आणखी थोड्या युक्त्या. चिमूटभर मिठाने गोडी वर येते. व्हॅनिला आणि दालचिनीच्या वासाने साखर आहे त्यापेक्षा जास्त वाटते. केक आणि मफिनमध्ये पाककृतीतल्या साखरेचा पाव भाग बहुधा बिनधास्त कमी करता येतो. त्याहून जास्त कमी केलात तर केक कोरडा होतो, रंग फिका येतो आणि कमी फुलतो, कारण साखर ओलावा धरून ठेवते, लोण्याबरोबर फेटताना हवा अडकवते आणि भाजताना तांबूस रंग देते. मेरिंग (अंड्याचा पांढरा भाग फेटून केलेला गोड पदार्थ) आणि टॉफीत साखरेला हात लावू नका, तिथे तीच पदार्थाचा सांगाडा आहे. आइस्क्रीममध्ये साखर गोठणबिंदू खाली आणते, ती कमी केली तर वीट तयार होते. कमी साखरेचा जॅम करता येतो, पण तो बाहेर टिकत नाही; फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

तल्लफ आली तर

आधी तपासा, ही भूक आहे का. साधं जेवण समोर आलं तर जेवाल? उत्तर हो असेल तर जेवा. दुपारी चारला गोडावर तुटून पडणाऱ्या पुष्कळांचा खरा प्रश्न सकाळच्या अपुऱ्या खाण्यात असतो.

मग झोप. शिकागो विद्यापीठाच्या २००४ मधल्या अभ्यासात तरुण, निरोगी पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर भूक सुमारे २४ टक्क्यांनी वाढली, आणि ओढ गोड, खारट व पिष्टमय पदार्थांकडे. जागरणानंतरच्या दिवशी स्वतःच्या निश्चयाची परीक्षा घेऊ नका. त्या दिवशी घरात काय ठेवायचं नाही एवढंच बघा.

यातलं काहीच नसेल आणि नुसती इच्छा असेल, तर ती मनातल्या चित्रांवर जगते: केकचा रंग, वास, पहिला घास. ती जागा दुसऱ्या चित्रांनी भरली की इच्छा सैल पडते. प्लिमथ विद्यापीठात २०१४ मध्ये लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा पडद्यावर ठोकळे जुळवायचा खेळ खेळायला दिला, त्यांची तल्लफ उतरली. एक्सेटर विद्यापीठात पंधरा मिनिटं भरभर चालून आलेल्यांनी कामाच्या टेबलावरचं चॉकलेट जवळपास निम्मंच खाल्लं. तीन मिनिटं खेळा, पंधरा मिनिटं चाला, आणि तरीही हवंच असेल तर बशीत काढून व्यवस्थित खा. ओट्याजवळ उभ्याने खाल्लेलं गोड कधीच पुरत नाही.

घरात गोड ठेवायचंच असेल तर मोठं पाकीट आणल्या आणल्या लहान डब्यांत वाटून टाका. डबे डोळ्यांच्या उंचीवर नकोत, काचेचे नकोत. केक आणि कुकीचं पीठ फ्रीझरमध्ये चांगलं राहतं. एका वेळी दोनच कुकी भाजायची सोय झाली की ताज्याची मजा मिळते आणि घाणा संपवायची घाई राहत नाही.

कृत्रिम गोडी

सॅकरिन १८७९ पासून आहे, ॲस्पार्टेम १९६५ पासून, सुक्रलोज १९७६ पासून. यांची भीती आणि कौतुक दोन्ही अवाजवी झालेलं आहे. २०२३ मध्ये ॲस्पार्टेम "कर्करोगकारक असू शकेल" अशा गटात गेल्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने रोजची मान्य मर्यादा, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम, तशीच कायम ठेवली, हे मात्र फार कुणी वाचलं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी ॲस्पार्टेम टाळायलाच हवं.

त्याच वर्षी संघटनेने असंही सुचवलं, की वजन कमी करण्यासाठी या पदार्थांवर विसंबू नये, कारण दीर्घकाळात फायदा दिसत नाही. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. माझा सल्ला: रोजचा कोला सुटतच नसेल तर पुलासारखा बिनसाखरेचा वापरा. आवडीच्या गोडात मात्र खरी साखर असू द्या, थोडी. "शुगर-फ्री" चॉकलेटमध्ये साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं आणि जास्त खाल्लं तर जुलाब होतात. झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे, तो असलेला च्युइंग गम त्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

घरात मुलं असतील तर

दोन वर्षांखालच्या बाळाला वरून घातलेली साखर देऊ नये, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनसारख्या संस्था सांगतात. त्यापुढच्या मुलांत सर्वांत मोठी चूक गोडाला बक्षीस करण्याची असते. "भाजी संपव, मग चॉकलेट" या सौद्यात भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेटचा भाव चढतो. डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेला खाऊ मुलांना आणखी हवासा वाटतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. अधूनमधून जेवणाबरोबरच ताटात छोटा तुकडा वाढा, आधी खाल्ला तरी खाऊ द्या, दुसरा मात्र नाही.

साखरेने मुलं उधळतात, हा समज मोडता मोडत नाही. १९९४ च्या एका प्रयोगात काही आयांना सांगितलं, की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात सगळ्या मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं होतं. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली.

डॉक्टरकडे कधी

लपून खाणं, थांबायचं असूनही थांबता न येणं, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर स्वतःचीच किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललं असेल तर तो अनियंत्रित खाण्याचा विकार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळतात. अशा माणसाने वरचं वजन-मापाचं आणि नोंदींचं काम एकट्याने करू नये, त्याने त्रास वाढू शकतो.

सारखी तहान, वारंवार लघवी, कारण नसताना उतरणारं वजन, न भरणाऱ्या जखमा: रक्ताची तपासणी लगेच करा.

मधुमेह आहे म्हणून गोड जन्मभर बंद, असं आता बहुतेक डॉक्टर सांगत नाहीत. गोड जेवणातल्या दुसऱ्या पिष्टमय पदार्थाच्या जागी बसवायचं, वर नाही. केक खायचा तर त्या जेवणातला भात किंवा ब्रेड तेवढा कमी, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघायचं, की आपल्या शरीराला ते किती पेललं. किती आणि कधी, हे औषधांवर अवलंबून असल्यामुळे आपल्याच डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञाने ठरवावं.

इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर लागते: ग्लुकोजच्या गोळ्या, पाण्यात कालवलेली चार चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, चढली नसेल तर पुन्हा तेवढंच. इथे आवडीचं चॉकलेट किंवा आइस्क्रीम कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. शुगर-फ्री गोळीचाही उपयोग शून्य. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची.